अंतराळात हवा कुठली?

‘हवामान’ हा शब्द आपल्या घरातल्या दोन्ही भाषांना सामाईक आहे. मराठीत हवामान आणि कन्नडमध्येही हवामानच. त्यामुळे मराठी पेपरात ‘अंतराळ हवामान’ आणि कन्नड पेपरात ‘बाह्याकाश हवामान’ असं छापून आलं, तर दोन्ही पेपर घेणाऱ्या घरात कुणाचं अडत नाही. अडतं ते मुलांचं. माझी सून धारवाडकडची आणि नात कन्नड माध्यमात सातवीला. विज्ञानाचा धडा वाचता वाचता तिनं मला विचारलं, ‘‘आजी, बाह्याकाशदल्ली गाळी एल्लिदे?’’ अंतराळात वाराच नाही, तर मग हवामान कसलं? तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण इतका नेमका प्रश्न क्वचितच कुणी विचारला असेल. आजचा लेख या प्रश्नासाठी. आणि त्या व्हॉट्सॲप निरोपासाठीही, जो आपल्यापैकी बहुतेकांना एकदा तरी आलेला असतो : ‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन घातक किरण पृथ्वीजवळून जाणार आहेत, मोबाइल बंद ठेवा, उशाशी घेऊ नका.’

प्रश्नाचं उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग असा, की अंतराळ अगदीच रिकामं नाही. सूर्यावरून विद्युतभारित कणांचा एक प्रवाह अखंड बाहेर पडत असतो. त्याला सौरवारा म्हणतात. त्याचा नेहमीचा वेग सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर. बेळगावहून बेंगळुरूला आपण रात्रभर बसमधून जातो, ते अंतर हा वारा सव्वा सेकंदात कापतो. पण तो विरळ इतका, की पृथ्वीजवळ एका घनसेंटीमीटरमध्ये जेमतेम पाच-दहा कण सापडतील.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या हवेचा. ती शेताच्या बांधासारखी एका रेषेवर संपत नाही. १०० किलोमीटरच्या वर अंतराळ सुरू झालं असं आपण धरतो, पण अंतराळ स्थानक जिथं फिरतं त्या ४०० किलोमीटरवरही थोडी हवा उरलेली असते. अगदी थोडी, पण यान सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगानं तिच्यातून जात असतं. चालताना वारा लागत नाही, पण स्कूटरवर बसलं की पदर फडफडतो, तसंच हे. ती हवा यानाला सतत मागं ओढते, त्याचा वेग खातो आणि ते हळूहळू खाली येतं. अंतराळ स्थानकाला म्हणून अधूनमधून इंजिन चालवून वर ढकलावं लागतं.

आता यात सूर्य कुठं आला? उंचावरच्या या थराला थर्मोस्फिअर म्हणतात. सूर्य शांत असला की तिथलं तापमान ४०० ते ५०० अंश असतं. सूर्य खवळला की ते हजार अंशांच्या वरही जातं. हवा विरळ असल्यानं तिथं कुणी भाजणार नाही. पण तापलेलं दूध जसं पातेल्यात वर चढतं, तशी ती हवा फुगून वर येते. मग ज्या उंचीवर काल हवा नावापुरती होती, तिथं आज ती काही पटींनी दाट होते. उपग्रह तोच, रस्ता तोच, पण समोरचा वारा वाढलेला. सूर्यावरच्या घडामोडींमुळे पृथ्वीभोवती होणारे असे बदल मोजणं आणि आधी ओळखणं, याला अंतराळ हवामानशास्त्र म्हणतात.

हे पुस्तकातलं वाटत असेल, तर घरातल्या साठी ओलांडलेल्या माणसांना ‘स्कायलॅब’ हा एकच शब्द विचारून पाहा. अमेरिकेनं मे १९७३ मध्ये सोडलेलं हे अंतराळ स्थानक, वजन सुमारे ७७ टन. १९७४ च्या फेब्रुवारीत शेवटचे अंतराळवीर त्यातून परतले आणि ते रिकामं फिरत राहिलं. ते १९८० नंतरही काही वर्षं वर टिकेल, तोवर स्पेस शटल तयार होईल आणि शटलनं त्याला आणखी वर ढकलता येईल, असा नासाचा हिशोब होता. हिशोब चुकला तो सूर्यामुळे. त्या वेळचं सौरचक्र धरलेल्या अंदाजापेक्षा बरंच तापलं, वरची हवा फुगली आणि स्कायलॅब वेळेआधीच खाली घसरू लागलं. शटलचं पहिलं उड्डाण झालं १९८१ च्या एप्रिलमध्ये. स्कायलॅब कोसळलं ११ जुलै १९७९ रोजी.

त्या जुलैत मी खानापूर तालुक्यातल्या आजोळी होते. कॉलेजात सायन्सला होते, म्हणून वाड्यातलं प्रत्येक जण मलाच विचारायचं, ‘‘सांग बघू, कुठं पडणार?’’ मामांच्या शेतावर भाताची लावणी चालू होती, पण दोन दिवस एक बाई कामावर आली नाही. मेलो तर आपल्या घरात मरू, असं म्हणत सगळ्या घरीच बसल्या. रात्री आजीनं आम्हा सगळ्यांना माजघरात एका रांगेत झोपवलं. बाहेर पाऊस कोसळत होता, कौलं गळत होती आणि प्रत्येक आवाजाला आजी उठून बसत होती. मला उत्तर देता येत नव्हतं. पण खरं सांगायचं, तर नेमकी जागा त्या दिवशी नासालाही सांगता येत नव्हती. वरच्या हवेची दाटी सांगता येत नसेल, तर यान कधी आणि कुठं पडेल तेही सांगता येत नाही. अखेर त्याचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्स गावाच्या परिसरात पडले. कुणाला इजा झाली नाही. तिथल्या स्थानिक प्रशासनानं कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलरचा दंड ठोठावला, तो मात्र जगभर गाजला.

‘तो जुना काळ होता, आता सगळं कळतं,’ असं म्हणावं, तर २०२२ आठवा. ३ फेब्रुवारीला स्पेसएक्स कंपनीनं स्टारलिंकचे ४९ उपग्रह सोडले. आधी त्यांना सुमारे २१० किलोमीटर इतक्या खालच्या कक्षेत ठेवून, तपासून, मग वर न्यायचं अशी पद्धत होती. दुसऱ्याच दिवशी एक चुंबकीय वादळ आलं. तेही मोठं नव्हे, पाच पायऱ्यांच्या मापावर खालच्या पायऱ्यांवरचं. पण तेवढ्यानं त्या उंचीवरचा हवेचा रोध आधीच्या उड्डाणांच्या मानानं ५० टक्क्यांपर्यंत वाढला. उपग्रहांना वाऱ्याला कड देऊन, पत्र्यासारखं आडवं करून वाचवण्याचा प्रयत्न झाला. तरीही ४९ पैकी ३८ उपग्रह वातावरणात शिरून जळून गेले. साधी सर समजून लक्ष दिलं नाही आणि वाळवण भिजलं, अशातला प्रकार.

मग हे सगळं मोजतात कसं? यातलं एक जुनं आणि मोठं काम आपल्या मुंबईत झालेलं आहे. कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी या वेधशाळेचं काम पाहिलं होतं, हे पत्रकार दिनाला त्यांच्या तसबिरीला हार घालताना फारसं कुणी सांगत नाही. १८५९ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत आजवरच्या नोंदींतलं सर्वांत गाजलेलं सौर वादळ झालं. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी १ तारखेला सूर्यावर लखलखाट पाहिला. त्यानंतर साडेसतरा तासांतच वादळ पृथ्वीवर धडकलं आणि तारायंत्रांच्या तारांमधून ठिणग्या उडाल्या. त्या वेळी कुलाब्यात कर्मचारी डोळ्यांनी काटा पाहून वहीत आकडे लिहीत होते. आपल्या भागात चुंबकीय क्षेत्राची आडवी ताकद चाळीस हजार नॅनोटेस्लाच्या आसपास असते. ती त्या दिवशी सुमारे १६०० नॅनोटेस्लानं खाली गेल्याची नोंद त्या वहीत आहे. हे पान जगापुढं नीट आलं ते २००३ मध्ये. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना आणि शोभना अलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. वही लिहिणाऱ्याला आपण काय लिहीत आहोत याची कल्पना नसेल. पण त्यानं वेळ चुकवली नाही, म्हणून दीडशे वर्षांनी वादळाचं माप मिळालं.

पुढं मुंबईत विजेच्या ट्राम यायचं ठरलं. त्यांच्या प्रवाहानं नाजूक उपकरणं बिघडली असती, म्हणून १९०४ मध्ये नानाभॉय मूस यांच्या पुढाकारानं हे काम अलिबागला नेलं. तिथली इमारत चुंबकत्व नसलेल्या पोरबंदरी दगडाची आहे. अलिबागच्या नोंदी तेव्हापासूनच्या आहेत. आणखी जवळचं उदाहरण हवं असेल, तर कोल्हापूर. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात याच संस्थेच्या रडारनं ८० ते १०० किलोमीटर उंचीवरचे वारे मोजले गेले. पन्हाळ्यावर कॅमेरा लावून रात्रीच्या आभाळाचा एक अतिशय मंद तांबडा उजेड टिपला गेला. हा उजेड अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा ऑक्सिजन देतो. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही. त्या फोटोंत कधीकधी काळे पट्टे पूर्वेकडे सरकताना दिसतात. तिथं आयनांबरात, म्हणजे वरच्या हवेच्या विद्युतभारित थरात, पोकळ बुडबुडे तयार झालेले असतात. त्यांतून येताना जीपीएसचा संदेश थरथरतो. पन्हाळा-बेळगावचा पट्टा अशा अक्षांशावर आहे, की सूर्यास्तानंतरचे हे बुडबुडे आपल्या डोक्यावरून बरेचदा जातात.

आता अंदाजाकडे वळू. सूर्यावर स्फोट झाला, की त्याचा परिणाम पृथ्वीवर एकदम येत नाही, वऱ्हाडासारखा टप्प्याटप्प्यानं येतो. आधी फोन येतो. हा म्हणजे स्फोटाचा प्रकाश आणि क्ष-किरण. ते सव्वाआठ मिनिटांत पोचतात. दिवस असलेल्या बाजूला लघुलहरींचा रेडिओ त्याच क्षणी बंद पडू शकतो. याची पूर्वसूचना मिळणं अवघड, कारण निरोप आणि परिणाम एकाच वेळी येतात. मग मोटारसायकलवरून दोन पोरं पुढं येतात. हे म्हणजे अतिवेगवान कण; काही मिनिटांत ते काही तासांत पोचणारे, उपग्रहांच्या उपकरणांना आणि अंतराळवीरांना धोक्याचे. आणि शेवटी खरं वऱ्हाड. सूर्यानं भिरकावलेला कोट्यवधी टनांचा, चुंबकत्व गुंडाळलेला ढग, जो एक ते तीन दिवसांनी येतो.

वऱ्हाड निघालं हे दुर्बिणीतून दिसतं. साधारण किती वाजता पोचेल हेही काही तासांच्या फरकानं सांगता येतं. पण ते हसत येतंय की मानपानावरून रुसून, हे मांडवाच्या दारात आल्याशिवाय कळत नाही. त्या ढगातल्या चुंबकत्वाची दिशा उत्तरेकडे असेल, तर पृथ्वीचं चुंबकीय कवच त्याला बरंचसं बाहेरच अडवतं. दक्षिणेकडे असेल, तर कवचाचं दार उघडतं आणि ऊर्जा आत शिरते. ही दिशा दुरून खात्रीनं सांगण्याची पद्धत अजून हाती आलेली नाही. अंदाज चुकण्याचं सर्वांत मोठं कारण हेच.

मांडवाचं दार म्हणजे पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेनं १५ लाख किलोमीटरवरची एल-१ ही जागा. आपलं आदित्य-एल१ तिथंच आहे. ते निघालं २ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे १८५९ मधल्या त्या कुलाब्याच्या नोंदीच्या तारखेलाच. आणि पोचलं ६ जानेवारी २०२४ रोजी, ‘दर्पण’च्या वर्धापनदिनी. दोन्ही निव्वळ योगायोग. योगायोग नसलेली गोष्ट अशी, की सूर्याचे अतिनील फोटो घेणारी त्यावरची दुर्बीण पुण्याच्या आयुकाची आहे. सूर्याभोवतीचं प्रभामंडळ पाहणारं उपकरण बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचं आहे आणि चुंबकत्व मोजणारं उपकरणही बेंगळुरूचंच. आपल्यासारख्या घरांना यात कौतुक वाटलं तर ते रास्तच आहे. सौरवारा नेहमीच्या वेगात असेल, तर एल-१ वरून मिळालेली सूचना पृथ्वीच्या एक तास आधी येते. तो दुप्पट वेगात असेल तर अर्धाच तास.

१० मे २०२४ रोजी असंच एक वऱ्हाड आलं, आणि रुसून आलं. एकामागोमाग निघालेले कित्येक ढग वाटेत एकमेकांत मिसळले होते. २००३ नंतर प्रथमच पाचव्या पायरीचं वादळ नोंदलं गेलं. लडाखमध्ये हान्ले इथं आभाळ तांबडं झालेलं कॅमेऱ्यांनी टिपलं. इस्रोच्या हासन इथल्या केंद्रातून आपल्या भूस्थिर उपग्रहांवर लक्ष ठेवलं गेलं. मोठा बिघाड झाला नाही. पण खालच्या कक्षेतला कार्टोसॅट-२एफ, जो एरवी दिवसाला ३५-४० मीटर खाली येतो, तो ११ मे रोजी सुमारे १८० मीटर खाली आला. स्कायलॅबचीच गोष्ट, फक्त या वेळी ती मोजलेली होती.

ज्या ग्रहाला असं कवच नाही त्याचं काय होतं, हे मंगळावर दिसतं. तिथं सौरवारा थेट वरच्या हवेला भिडतो. २०१४ मध्ये तिथं पोचलेल्या मेव्हेन यानानं मोजलं, की मंगळाची हवा सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम या गतीनं अंतराळात निसटते आणि वादळात ही गळती आणखी वाढते. १०० ग्रॅम म्हणजे एक मध्यम कांदा. पण सेकंदाला एक कांदा असा कोट्यवधी वर्षांचा हिशोब केला, की भरलेलं कोठार रिकामं होतं.

आता आपल्या घरापुरतं. पूर्वी बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ ऐकताना आवाज लाटेसारखा वरखाली व्हायचा. तो रेडिओ बिघडलेला नसायचा. लहरी ज्या आयनांबरावरून उलटून येत, ते हलत असायचं. आज आपण सिलोन ऐकत नाही, पण मोबाइलमधला नकाशा, विमानं आणि उसाच्या फडावर फवारणी करणारे ड्रोन त्याच थरातून आलेल्या संदेशांवर चालतात. वादळात जागा काही मीटरनं चुकू शकते. मे २०२४ मध्ये अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले होते. विजेचं म्हणाल, तर १३ मार्च १९८९ रोजी कॅनडात क्वेबेकमध्ये सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात होते. पण तो धोका ध्रुवाजवळच्या देशांना जास्त, आपल्याकडे बराच कमी. आणि मार्च व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही दिवस दुपारी थोडी मिनिटं डिशचं चित्र जातं, तो वादळाचा प्रकार नव्हेच. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं येतो, एवढंच.

राहिला तो व्हॉट्सॲपचा निरोप. विश्वकिरण रात्री साडेबाराची वेळ ठरवून येत नाहीत, चोवीस तास येतच असतात. वातावरण त्यांतले बहुतेक वरच्या वर शोषून घेतं आणि मोबाइल बंद ठेवण्याशी त्यांचा काही संबंध नाही. निरोप खोटा कसा ओळखायचा? त्यात ‘आज रात्री’ असतं, तारीख नसते. ‘घातक’ असतं, पायरी नसते. खऱ्या अंदाजात तारीख असते, एक ते पाचपैकी पायरी असते आणि ‘शक्यता इतकी’ असं लिहिलेलं असतं. खरा अंदाज कधी चुकतोही. २०१९ मध्ये तज्ज्ञांनी सध्याचं सौरचक्र सौम्य राहील, सूर्यडागांचा कमाल आकडा ११५ च्या आसपास जाईल, असं सांगितलं होतं. २०२४ च्या अखेरीस तो १६० च्या घरात गेला. पण त्यांनी आपला आकडा आधी सांगितला होता, म्हणून चूक किती झाली ते मोजता आलं. व्हॉट्सॲपच्या निरोपाची चूक कधीच मोजता येत नाही, म्हणून तो दरवर्षी नव्यानं फिरतो.

माझी आजी त्या रात्री घाबरली, त्यात तिचा अडाणीपणा नव्हता. तिला सांगण्यासारखं नेमकं कुणाकडेच काही नव्हतं. आज सांगण्यासारखं पुष्कळ आहे. ते तिच्या वयाच्या माणसांपर्यंत, त्यांना समजणाऱ्या भाषेत पोचतं का, एवढाच प्रश्न उरतो. घरात असा निरोप आला, तर ‘काही नसतं हो’ म्हणून उडवून लावू नका. पाच मिनिटं बसून सांगा, मराठीत सांगा, कन्नडमध्ये सांगा.

आणि स्कायलॅबच्या त्या दिवसाची आठवण तुमच्या घरात कुणाला असेल, तर लिहून पाठवा. भाषा दोन्हींपैकी कुठलीही चालेल. निवडक पत्रं पुढच्या एखाद्या लेखात घेईन.